चौदा आवाज

इन्सुलिनच्या पेनावरचे आकडे मुंगीएवढे असतात. ते मला दिसेनासे झाले आहेत, हे मी तीन महिने घरात सांगितले नाही. घरात म्हणजे आम्ही दोघीच: ब्याऐंशी वर्षांची आई आणि शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, अविवाहित मी. काचबिंदूने उजवा डोळा आधीच नेला होता. डाव्यात उरले आहे ते औषधाने टिकले तर टिकेल, गेलेले परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मी ते शांतपणे ऐकून घेतले. परतताना नवघर रोडवर एका उभ्या स्कूटरवर आदळले आणि तिलाच ‘सॉरी’ म्हणाले.

आईला सकाळी चौदा आणि संध्याकाळी दहा युनिट द्यायची असत. एका सकाळी माझा अंदाज चुकला. किती दिले हे आजही सांगता येणार नाही, बहुधा चोवीस. थोड्या वेळाने आई घामाने निथळू लागली, तिची जीभ जड झाली. साखरेचे पाणी पाजताना माझा चमचा तिच्या ओठांऐवजी हनुवटीला लागत होता. ती सावरली, आणि सावरल्यावर तिने पुण्याला माझ्या धाकट्या भावाला फोन केला.

“ताई, हे आता चालणार नाही,” तो मला म्हणाला. “काशीगावच्या पुढे एक वृद्धाश्रम बघितलाय. नर्स असते तिथे. रविवारी येतोय, आईला सोडून येऊ.”

“मी शिकेन काहीतरी.”

“काय शिकणार? तुला दिसत नाहीये.”

मी फोन ठेवला. आई तिकडे राहायला गेल्यावर सकाळी उठायचे कशासाठी, हा प्रश्न मनात आला. त्याचे उत्तर मात्र मी शोधले नाही, कारण ते काय निघेल याचीच भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी लिफ्टमध्ये मला रडू आवरेना. सोबत तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू होती. वय चाळिशीचे, बँकेत टेलिफोन ऑपरेटर, पूर्णपणे अंध. ती राहायला येणार होती तेव्हा सोसायटीने सभा घेतली होती. ‘गॅस चालू राहिला तर?’ असे कुणीतरी म्हणाले आणि माझे मराठी बरे म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आले. ‘सदर महिला अंध असून एकटी राहणार असल्याने इमारतीच्या सुरक्षिततेस धोका संभवतो,’ असे मी सुवाच्य अक्षरात लिहिले होते. फ्लॅटच्या मालकांनी ते जुमानले नाही. ती आली. तेव्हापासून लिफ्टमध्ये ती असली की मी निमूट उभी राहत असे, म्हणजे मी आहे हे तिला कळू नये.

“चौथा ना, ताई?” तिने बटण दाबले. “दोन वर्षं श्वास रोखून उभ्या असता. आज रडताय, म्हणून विचारतेय.”

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारात उभ्या उभ्या मी तिला सगळे सांगितले.

“पेनच ना? मी अकरा वर्षं स्वतःला टोचतेय. या आत.”

मला पाऊल उचलवेना. “तुमच्याविरुद्धचं ते इतिवृत्त मी लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे. मालकांनी वाचून दाखवलं. भाषा फार शुद्ध होती हो!” ती हसली. “चहा ठेवू? गॅसवरच ठेवते, इमारतीस धोका संभवतो.”

मला हसता आले नाही. चहा मात्र मी प्यायले.

तिने सुई न लावलेले एक पेन माझ्या हातात दिले. “एक युनिट, एक टक्. आकड्याकडे बघायचंच नाही. आधी टोकाचं चाक मागे फिरवत शून्यापर्यंत न्यायचं, तिथे ते अडतं. मग मोजायचं. मध्ये कुणी बोललं, शंका आली, तर पुन्हा शून्य. त्यात लाजायचं नाही.”

शनिवारी ती आमच्या घरी आली. आईने पलंगावरूनच विचारले, “आता आंधळी आंधळीला शिकवणार काय गो?”

“हो आजी. आणि सुई तुम्हाला टोचणार.”

त्या दिवशी मी कितीदा मोजले कोण जाणे. नऊवर चुकायचे, अकरावर चुकायचे. बाजूला बसून ती नुसते कानांनी ऐकून सांगे, “तेरा झाले. पुन्हा.” संध्याकाळी मी पेन खाली ठेवले. “मला नाही जमणार. नेऊ देत आईला.”

“माझे डोळे गेले तेव्हा आईने मला आठ महिने सुरीला हात लावू दिला नाही,” ती म्हणाली. “मायाच होती तिची. पण त्या आठ महिन्यांइतकी आंधळी मी नंतर कधी नव्हते. उचला ते पेन.”

रविवारी सकाळी भाऊ आला तेव्हा ती आमच्याकडेच होती. आईची बॅग दाराशी भरून ठेवलेली. मी पेन शून्यावर आणले आणि मोजू लागले. सातव्या आवाजाला भाऊ म्हणाला, “ताई, अगं, नुसत्या आवाजावर भरवसा...”

मी पेन परत शून्यावर नेले. “बोलू नकोस,” मी म्हणाले. त्याला असे मी जन्मात कधी बोलले नव्हते. चौदा मोजून पेन त्याच्यापुढे धरले.

“चौदा,” तो म्हणाला. मी आईला टोचले. मग त्याने प्रथमच त्या पाहुणीकडे वळून विचारले, “तुमचं कधी चुकत नाही?”

“चुकलंय की, दोनदा. तेव्हापासून टोचण्याआधी पुन्हा शून्य करून दुसऱ्यांदा मोजते. तुमच्या ताईंनाही तेच करायला लावणार आहे.”

“आणि ताईची नजर अजून कमी झाली तर?”

“होईल,” मीच म्हणाले. हे मोठ्याने म्हणायची माझी ती पहिली वेळ होती. भाऊ खिडकीशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “एक महिना बघू.”

एक महिना. तेवढ्यात किती अंधार वाढतो याचा मी मनात हिशेब मांडत होते, तोच आई कडाडली, “टोचून अर्धा तास होत आला! तुमचं बघून होईपर्यंत मी उपाशी मरू काय?”

डोळे असलेल्या भावालाही घड्याळाची आठवण राहिली नव्हती. भिंतीला हात लावत मी स्वयंपाकघरात गेले आणि उपमा वाढून घेऊन आले.