आईची चाल

पाच मजली इमारत, लिफ्ट नाही, ब्याण्णव पायऱ्या. त्या झाडायचं आणि पुसायचं काम आधी आईकडे होतं, आईला जमेनासं झाल्यावर ते लेकीकडे आलं. इमारतीत सगळे तिला जिनेवालीच म्हणत. तिशी उलटून पाच वर्षं झाली होती. उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता, पण तिने दुखणं अंगावर काढलं. सकाळी चार पावलं चाललं की गाडी गरम होते, असं ती नवऱ्याला हसून सांगायची.

एकदा बादली घेऊन ती तिसऱ्या मजल्यावरून उतरत होती. तिथे एक म्हातारे मास्तर एकटेच राहत. डोळे अधू झालेले, स्मरणशक्तीही दगा देऊ लागलेली. माणसं ते पावलांवरून ओळखायचे. दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "आलात का बाई? बसा घटकाभर. आज फार दुखतंय वाटतं."

ती पायरीवरच थबकली. मास्तर तिला कधी अहोजाहो करत नसत. 'बाई' ते तिच्या आईला म्हणायचे, आणि आईला जाऊन सात वर्षं झाली होती.

तिने खाली पाहिलं. तिचा हात कठड्यावर होता, अंग भिंतीकडे वळलेलं, आणि प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. थेट आईसारखी, खेकड्याच्या चालीने ती उतरत होती. केव्हापासून, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ती उंबऱ्याशी बसली. बादली तिने बाजूला ठेवली. मास्तरच बोलत राहिले. "लेकीला सांगितलंत का नाही अजून? का अजून 'ती ओरडेल' हेच चाललंय?"

तिला सगळं आठवलं. आई भिंतीला धरून उठायची, तेव्हा ती म्हणायची, "आई, नाटकं पुरे. वय काय तुझं!" आई मुकाट्याने उठायची. शेवटची दोन वर्षं तर खाटेवरून स्वयंपाकघरापर्यंत जायचं म्हणजे आईला डोंगर चढण्यासारखं होतं. आणि त्याच्याही आधी, याच उंबऱ्यावर बसून, आई परक्या माणसाला आपलं दुखणं सांगत होती.

त्या दिवसापासून जिन्यात तिला एकटं वाटेना. ती थांबली की मागचं पाऊलही थांबायचं. वळून पाहिलं तर ओल्या पायऱ्या, बाकी कुणी नाही. मास्तर रोज हाक मारायचे, "बाई, बसा." आणि ती बसायची, आईच्या जागेवर, आईचं सोंग वठवत.

शेवटी नवऱ्यानेच तिला दवाखान्यात नेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. "हाडाचं तसं काही बिघडलेलं नाही. मांडीत जोर उरलेला नाही, म्हणून सगळा भार गुडघ्यावर येतोय."

"अहो, दिवसभर जिने चढते-उतरते मी! आणखी कसला व्यायाम?"

"ती राबणूक झाली. तिशीनंतर स्नायू न विचारता रजेवर जातात, त्यांना मुद्दाम कामाला लावावं लागतं." मग त्यांनी सांगितलं, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजेपर्यंत तसाच धरायचा, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, उकिडवं बसून पुसणं बंद, लांब दांड्याचं फडकं घ्यायचं. आणि दुखणं वाढलं तर लगेच येऊन सांगायचं.

पहिला महिना काही फरक पडला नाही. तिने चिडून दोनदा सोडून दिलं, दोनदा पुन्हा धरलं. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती कठड्याला हात न लावता, एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत खाली आली.

"कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

"मी, जिनेवाली."

"बरं बरं. बाई नाही आल्या गं? बरेच दिवस झाले."

ती खाली जाऊन बादलीपाशी नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम कठडा धरला, अंग वळवलं आणि पाय ओढत उतरली. मास्तरांचा चेहरा उजळला. तिची कंबर मात्र संध्याकाळपर्यंत भरून आली. असं तिने तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि आई सात वर्षांपूर्वीच गेल्याचं सांगून टाकलं.

मास्तरांनी विचारलं, "बाईंना नेलं, तेव्हा मी आलो होतो का?"

"आला होतात. तीन मजले उतरून, काठी टेकत."

"मग बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

आता ती चाळिशीला टेकली आहे. व्यायाम चुकवत नाही; थंडीत गुडघा बोलतो, तेवढंच. मास्तर गेल्या वर्षी वारले, त्यांच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. पण तिसऱ्या मजल्यावर आली की तिचं शरीर आपोआप भिंतीकडे वळू लागतं. ती दात आवळून सरळ होते आणि भरभर उतरते. मागे वळून पाहत नाही.