साहेबांचं 'पढो'

ताज्या शेणसारवणाचा वास आला की मुरुमजवळच्या आमच्या खेड्यातली निजामाच्या काळातली शाळा आठवते आणि तोंड कडू होतं. तपासणीला येणारे साहेब पोरं वाचतात कशी हे बघायचे, आणि त्यावर मास्तरांची तरक्की, म्हणजे पगारवाढ, ठरायची. मग मास्तरांनी काय केलं, तर पुस्तकं फळीवर ठेवून दिली आणि आम्हाला वाकून सलाम करायला शिकवलं. "साहेब म्हणतील ते मुकाट्यानं करा रं, माजी तरक्की तुमच्यावर हाय," एवढाच काय तो धडा. तपासणीच्या दिवशी आम्हीच सारवलेली जमीन अजून ओलसर होती. शेरवानीतले, अत्तराचा भपका सोडणारे साहेब आले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, आम्हाला उर्दूचं. आमच्याकडं बोट करून ते गरजले, "पढो!" ते वाचा म्हणत होते; आम्हाला ऐकू आलं 'पडा'. अख्खा वर्ग धाडकन पालथा पडला. शेण नाकात गेलं. मास्तर पांढरेफटक पडले. साहेब मात्र खूश! "वाह मास्तर, क्या कवायत है!" म्हणाले आणि तरक्कीवर तिथंच सही ठोकली. पुस्तक कुणी उघडलंच नाही. पुढच्या तपासणीपर्यंत मास्तरांनी आमच्याकडून रोज एकच गोष्ट घोटून घेतली, पडायची. आता नातीच्या शाळेतल्या सभेत कुणी टाय लावलेला शहाणा 'पोरांच्या निकालावर मास्तरांचा पगार ठरवा' म्हणतो, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात. मी आधी खाली बघतो, फरशी पुसलेली आहे का.