पाहिलं तेवढंच

वरवट बकालला आमच्या शेजारी राहणारे काका पाहिलं तेवढंच बोलायचे. शेगावची मोटार गेली का, असं फाट्यावर विचारलं तर म्हणायचे, "मले धूळ दिसली बाप्पा. मोटार गेली असंन." त्या 'असंन'वर मी फार चिडायचो. धूळ बैलगाडीची का असू नये, हे त्यांचं म्हणणं.

एकदा पाटलांच्या विहिरीवरची चामड्याची मोट चोरीला गेली. ती खांद्यावर टाकून जाणारा माणूस तिन्हीसांजेला चौघांनी पाहिला होता, आणि चौघांनीही एका मजुराचं नाव घेतलं. काकाही तेव्हा तिथेच होते, म्हणून चावडीवर त्यांनाही विचारलं.

"मले तं पाठ दिसली," काका म्हणाले. "तुमाले तोंड कुठून दिसलं?"

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. पाठच सगळ्यांनी पाहिली होती; तोंड ज्याने त्याने मनानेच लावलं होतं. पाटलांनी मजुराला सोडून दिलं.

बाहेर येताच त्याने काकांचे पाय धरले. "काका, मी चोर नाही हे तुमालेच मालूम होतं."

काकांनी त्याला हाताला धरून उठवलं.

"नाही बे," ते म्हणाले, "ते बी मी पाह्यलं नाही."