एसीतला बर्च

“हळू बोला, त्याला उकडतंय.”

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलात की चपला काढायच्या आत हे वाक्य कानावर पडायचं. उकडतंय ते काकूंना, असं तुम्हाला वाटेल. छे! काकू हॉलमध्ये पदराने वारा घेत बसलेल्या असायच्या. घरातला एकुलता एक एसी बेडरूममध्ये, आणि त्याच्याखाली कुंडीत उभे असायचे महाशय. बर्च. कमरेएवढी काठी आणि वर पंधरा-वीस पानं.

वसईत बर्च? मीही हेच विचारलं होतं. मी इथलीच, वाडीवाल्यांची मुलगी. माहेरी केळी, पानवेली, सोनचाफा. लग्न होऊन एव्हरशाईनच्या फ्लॅटमध्ये आले तरी हाताला माती लागल्याशिवाय मला चैन पडत नाही. शिवाय तोंडावर खरं बोलायची खोड. म्हटलं, “काका, हे बर्फातलं झाड. इथे खराटा होईल त्याचा.”

काका चष्मा पुसत म्हणाले, “ताई, मी नाही का दादरहून येऊन इथे जगलो?”

जसं काही दादर हिमालयातच आहे!

हे खूळ आलं कॅनडाहून. मुलगा तिकडे, नऊ वर्षांची नात तिथेच जन्मलेली. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. काका विचारायचे, “जेवलीस का?” ती म्हणायची, “हो.” “शाळा कशी चाललीय?” “छान.” संपलं. पोरगी फोन बापाच्या हातात देऊन पसार. एकदा मात्र तिने खिडकीबाहेरचा बर्च दाखवला आणि त्याची पांढरी साल कशी सोलून निघते ते सांगत चांगली दहा मिनिटं बोलली. झालं! महिन्याभरात डोंगराकडच्या कुठल्याशा नर्सरीतून खोक्यात बांधलेलं रोप दारात हजर. तेव्हापासून नातीचा पहिला प्रश्न ठरलेला, “आजोबा, झाड कसा आहे?” आणि पुढे अर्धा तास गप्पा. झाड गेलं की गाडी पुन्हा ‘हो’ आणि ‘छान’वर येणार, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून कुंडीशेजारी थर्मामीटर. म्हणून काकूंनी त्या खोलीत उदबत्ती लावायची नाही. एकदा काकू दमून घटकाभर एसीत आडव्या झाल्या, तर काका म्हणाले, “दार सारखं उघडू नकोस, गारवा जातो.” बायको नवऱ्याचं किती ऐकून घेऊ शकते, याचा मी वरच्या मजल्यावर अभ्यासच केला म्हणा ना.

एप्रिलमध्ये रोज दुपारी वीज जायला लागली. फ्रिजमधला बर्फ पुरेना. मग जन्मात मासळी बाजाराकडे न फिरकलेले शाकाहारी काका पिशवी घेऊन बाजारात गेले आणि मावशींच्या टोपल्यांतला उरलेला बर्फ घेऊन आले. तो कुंडीत, मुळांभोवती. दुसऱ्या दिवशी जिन्यात चार मांजरी. तिसऱ्या दिवशी, कुंडीखालचं पाणी काकांनी बाल्कनीत ओतल्यामुळे, माझ्या धुतलेल्या चादरींना बोंबलांचा वास.

मासळीवरच्या बर्फात खारं पाणी उतरतं. मुळाशी मीठ गेलं की झाड बसतं, हे मला फ्रॉकात असल्यापासून माहीत. त्याच मिनिटाला वर जाऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं? लिफ्टमध्ये, गच्चीवर, भेटेल त्याला “काका झाडाचं कालवण करतायत” म्हणून हसत सुटले. सांगितलं ते आठ दिवसांनी. तोवर पानांच्या कडा करपल्या होत्या. त्याची लाज मला अजून वाटते.

मेअखेरीला मी नखाने साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं, सगळं तपकिरी आणि कोरडं.

“गेलं, काका.”

“झोपलंय,” काका म्हणाले. “हळू बोला.”

पुढे एका रविवारी दुपारी आमच्या गेटजवळच्या जास्वंदीपाशी काका दिसले. हातात काकूंची फुलांची परडी, पण परडीत एकही फूल नाही, नुसती पानं. मला राहवेना, मागोमाग वर गेले. बघते तर काका स्टुलावर बसून त्या मेलेल्या काठीला पांढऱ्या दोऱ्याने एकेक पान बांधतायत. कातरलेल्या कडांची पानं, लांबून खपून जातील अशी.

“अहो, तिच्या खिडकीत खरं झाड आहे! तिला कळणार नाही?”

“फोनमध्ये एवढं कळत नाही,” काका खाली बघत म्हणाले.

“मग निदान एसी तरी बंद करा. त्या काठीला कसला उकाडा?”

“एसी लावलाय का, असं तिने विचारलं तर? आपण खोटं का बोलायचं?”

मी खाली गेले आणि शिवणाच्या डब्यातलं हिरव्या दोऱ्याचं रीळ आणून त्यांच्या पुढ्यात आदळलं. “पांढरा दोरा मैलावरून दिसतो,” म्हटलं. त्यानंतर दर रविवारी काका पानं बांधायचे, काकू चार हात लांबून फोन धरायच्या आणि मी दारात उभी राहून पान वाकडं लागलं की ओरडायचे.

ऑक्टोबरच्या उकाड्यात काका गेले. हॉलमध्ये, पंख्याखाली, बसल्या जागी. एसीत ते स्वतः कधी झोपलेच नाहीत.

डिसेंबरात मुलगा नातीला घेऊन येणार होता. त्या दिवशी सकाळीच काकू माझ्या दारात. “ती आधी झाडच बघेल गं.” एवढंच म्हणाल्या. मी परडी घेऊन गेटवर गेले. बारा पानं बांधली. एसी लावला.

नात आली ती सरळ बेडरूममध्ये. कुंडीपाशी वाकली. एक पान बोटांत धरलं, उलटं केलं, देठाशी हिरवा दोरा होता तो पाहिला. तिला जराही नवल वाटलं नाही. आता ही विचारणार, आणि मला खरं सोडून दुसरं काही येत नाही.

तिने विचारलं, “आजोबांनी बांधला तो पान कुठला?”

जास्वंदीचं पान तोडलं की दुसऱ्या दिवशी मान टाकतं. काकांनी बांधलेलं शेवटचं पान केव्हाच केरात गेलं होतं. ही सगळी माझी होती, सकाळची.

“हे,” मी म्हटलं, आणि सगळ्यात वरचं पान दाखवलं.

ती खाली बसली, पान जपून न्यायला पासपोर्ट काढून मांडीवर उघडून ठेवला आणि नखाने गाठ सोडवायला घेतली. दारात काकू उभ्या होत्या, माझ्याकडे बघत.

“हळू,” मी म्हटलं, आणि काठी हलू नये म्हणून धरून ठेवली.