टर्बोचं एक मिनिट

रविवारी लोक उशिरा उठतात, मिसळ खायला जातात. मी चहा पिऊन गाडीखाली जातो. सिडकोतल्या आमच्या घरापुढे एक गाडी मावेल एवढंच अंगण आहे. जॅक लावायचा, लोखंडी स्टँड सरकवायचे, जुनी सतरंजी टाकायची आणि पाठीवर घसरत आत जायचं. आत गेलो की सुरुवातीला मी काहीच करत नाही, नुसता वर बघत पडून राहतो. तेल कुठून गळतंय ते शोधतोय, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर मी दमलेला असतो.

गाडी चौदा वर्षांची आहे. डिझेल, टर्बोवाली, मागे लांब डिकी असलेली. कंपनीने हे मॉडेल केव्हाच बंद केलं. शोरूममध्ये नेली की तिथली मुलं माझ्याकडे दुखवट्याला आल्यासारखं बघतात. रबरी पाइप चिरतात, एक गळती थांबवली की दुसरी सुरू होते. जमेल ते घरीच करायचं असं मी ठरवलं ते हौसेने. आता दुसरा इलाज नाही म्हणून करतो.

हौस मात्र दांडगी होती. घेतली तेव्हा मी तिशीत होतो आणि सगळ्यांची असते तशी गाडी मला नको होती. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक बसवल्या, गाडी जमिनीला टेकली. टायर पातळ घातले. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवून घेतली. टर्बो लागला की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटायची. आणि सगळ्यात शेवटी मोठ्या तोंडाचा सायलेन्सर लावला. त्याला सायलेन्सर म्हणणं हाच एक विनोद होता.

बाबांचं आणि त्या गाडीचं कधी जमलं नाही. संध्याकाळी अंबडच्या कारखान्यातून सुटलो आणि आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीपाशी वळलो की आवाज घरात पोचायचा. बाबा म्हणायचे, "बागेत फवारणीचा ब्लोअर फिरतोय, की आमचे चिरंजीव येतायत?" आमचं मूळ गाव निफाडकडचं, त्यामुळे त्यांची टोमणे मारायची सामग्री द्राक्षबागेतूनच येते.

घरी पोचल्यावर मी गाडी लगेच बंद करत नाही, याचाही त्यांना राग. टर्बोच्या आत एक छोटा पंखा भयंकर वेगाने फिरत असतो. पळवून आणलेली गाडी एकदम बंद केली तर त्याला तेल मिळणं थांबतं आणि तो तापलेल्या अंगानेच जळतो. म्हणून मिनिटभर तशीच चालू ठेवायची, त्याला निवू द्यायचं. ही शिस्त मी कधी मोडली नाही, म्हणून तर मूळचा टर्बो अजून टिकलाय. "दारात येऊन डिझेल काय जाळत बसतो हा!" बाबा आतून ओरडायचे. मी काच वर करायचो आणि बसून राहायचो. दिवसभरात तेवढं एकच मिनिट मला कुणी काही विचारत नसे.

बाबा निवृत्त झाले ते ओझरच्या विमान कारखान्याच्या स्टोअरमधून. सगळी नोकरी कारखान्याच्या बसने केली. बस यायच्या आधी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कोपऱ्यावर हजर असायचे. दिवसा आडवं झालेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ताप असला तरी खुर्चीत बसायचे. दिवसा अंथरूण दिसलं की घराची कळा जाते, हे त्यांचं म्हणणं. आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांसमोरही ते गळ्यापर्यंत बटणं लावून ताठ बसले होते.

गेल्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरले आणि पाठीचा मणका दबला. हृदय नाजूक, म्हणून ऑपरेशन नको ठरलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी चुकवायची नाही. "स्वतः उठून बसतायत तोवर ठीक आहे. एकदा अंथरूण धरलं की मग सुटत नाही." माझ्या झोपेचं खोबरं करायला तेवढं पुरे होतं. बाबा अंथरुणाला खिळले तर सहा महिनेसुद्धा काढणार नाहीत, ते लाजेनेच जातील, हे मला त्यांचा मुलगा म्हणून कळत होतं.

फिजिओथेरपीचं ठिकाण गंगापूर रोडला. कुंभमेळा जवळ आला म्हणून निम्मं नाशिक खोदलेलं, आणि खोदलेलं नाही तिथे गतिरोधक. पहिल्यांदा रिक्षाने नेलं. बाबा पांढरेफटक पडले. पुढच्या वेळी माझ्या गाडीने नेलं, तर ती रिक्षापेक्षा वाईट निघाली. रस्त्यातला प्रत्येक खडा थेट त्यांच्या मणक्यात जात होता. उंटवाडीच्या पुलावर त्यांनी माझा दंड धरला तो पूल संपेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर म्हणाले, "मी आता जाणार नाही. घरीच काय व्हायचं ते होऊ दे, पण तुझ्या गाडीत नको." आणि खरंच ते दोनदा आले नाहीत. मी चिडलो, हातापाया पडलो, पुन्हा चिडलो. म्हातारा हटायला तयार नाही.

नवी गाडी झेपणारी नव्हती आणि ही विकून हाती काही लागणार नव्हतं. मग आहे तीच मऊ करायची ठरवलं. जे जे हौसेने केलं ते ते उलट करत जायचं.

मूळच्या स्प्रिंगा मी केव्हाच भंगारात घातलेल्या. नाशिकमध्ये मिळेनात. कुणीतरी मालेगावचं दुकान सांगितलं, तिथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. गेलो. दुकानदार चाचा वयाने बाबांच्याच बरोबरीचे. त्यांनी मला काय हवं ते दोनदा विचारलं. "भाई, लोग गाडी नीचे बिठाने का सामान ढूँढते. तुम ऊपर उठाने का ढूँढ रहे?" मी म्हटलं, "वालिद साहब की पीठ का मसला है." चाचा उठले. आत जाऊन चार स्प्रिंगा आणल्या, एकेक हातात धरून गंज तपासला, त्यातली एक बाजूला टाकली आणि दुसरी शोधून आणली. निघताना म्हणाले, "अब्बा को सलाम बोलना." आग्रा रोडने परत येताना मला उगाचच भरून आलं.

त्या स्प्रिंगा घालायला मला तीन रविवार लागले. दाबून धरलेली स्प्रिंग निसटली तर हात जातो, म्हणून जपून करावं लागतं, आणि माझीही पाठ आता पूर्वीची नाही. मग जाड टायर घातले. कॉम्प्युटर मूळपदावर आणला, टर्बो समजूतदारपणे लागू लागला. पुढची सीट गादीवाल्याकडून दोन बोटं उंच करून घेतली, म्हणजे बाबांना वाकावं लागू नये. बायको म्हणाली, "लग्नात एवढी तयारी केली नव्हती तुम्ही."

बाबांना कसंबसं राजी केलं. उंटवाडीच्या पुलावर मी श्वास रोखून धरला. बाबा खिडकीबाहेर बघत होते. पूल संपल्यावर म्हणाले, "पूल दुरुस्त केला वाटतं."

"केला असेल," मी म्हटलं.

त्यानंतर एकही खेप चुकली नाही. संध्याकाळी मी घरात शिरायचो तेव्हा बाबा पलंगावर पाठीशी उशी घेऊन बसलेले, शर्टाची बटणं लावलेली, हातात पेपर. रोज. मला वाटायचं, उपचार लागू पडतोय. कित्येक वर्षांत एवढं समाधान मला कशाचं झालं नव्हतं.

राहता राहिला सायलेन्सर. त्याने पाठीला काही होत नव्हतं, पण बाबांची इतक्या वर्षांची तक्रार होती. म्हटलं, आता एवढं केलं तर तेही करून टाकू. एका रविवारी तो काढला, पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवला आणि साधा बसवला. सोमवारी गाडी गल्लीत शिरली ती मांजरासारखी. मी आत गेलो तेव्हा बाबा बसलेले होते, पण कपाळाला घाम. "कधी आलास?" एवढंच म्हणाले. आवाज गेल्याबद्दल चकार शब्द नाही. मला जरा वाईटच वाटलं.

पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपीच्या बाईंनी मला थांबवलं. "काय चाललंय घरी? सुधारत होते ते मागे गेलेत. पाठीचे स्नायू दगड झालेत. असंच राहिलं तर झोपवूनच ठेवावं लागेल."

एवढी गाडी मऊ केली, मग चुकलं कुठे? नक्कीच एखादी जुनी स्प्रिंग खचली असणार, नाहीतर शॉक अॅब्सॉर्बर गळत असणार. रविवारी पुन्हा जॅक, स्टँड, सतरंजी. एकेक नट तपासला. कुठे काही नाही. मी चडफडत तसाच पडून राहिलो.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. मला खालून फक्त तिची पावलं दिसत होती. ती म्हणाली, "गाडीत काही झालेलं नाही. बाहेर या."

"तू जा. मला बघू दे."

पावलं हलली नाहीत. मग ती हळू आवाजात बोलली. "बाबांनी मला बजावलंय, त्याला सांगायचं नाही म्हणून. पण आता सांगते. ते दिवसभर आडवेच असतात हो. कण्हत असतात. रोज गाडीचा आवाज गिरणीपाशी आला की म्हणायचे, आला. मग एकटेच उठायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत, नुसती उशी ठेवू द्यायचे. तुम्ही बाहेर गाडीत बसून असायचात ना मिनिटभर, तेवढ्यात बटणं लावून पेपर घ्यायचे."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"आता तुम्ही कधी येता ते कळत नाही. मग चारपासूनच बसून राहतात. कितीदा म्हटलं, बाबा, पडा जरा, मी सांगते आल्यावर. ऐकतच नाहीत. तो एकदम आत आला तर, म्हणतात."

ती कप खाली ठेवून गेली. मी आडवाच होतो. रोग कुठे आणि मी पाना कुठे फिरवत होतो! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. मला रडू आलं आणि गाडीखाली होतो ते बरंच झालं.

जिन्याखालचं पोतं मी त्याच दुपारी सोडलं.

सोमवारी संध्याकाळी गिरणीपाशी वळताना मी पाय जरा जास्तच दाबला. गिरणीवाला बाहेर येऊन बघू लागला. अंगणात गाडी लावली आणि ती घुरघुरत तशीच चालू ठेवली. मिनिट झालं. टर्बो निवला असेल. मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने बायको दारात आली आणि पदर सारखा करत तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी किल्ली फिरवली.

आत बाबा बसले होते. गळ्यापर्यंत बटणं, हातात पेपर.

"पुन्हा लावलास का तो ब्लोअर?"

"नवीन होता तो फुटला, बाबा."

"तुझ्या गाडीचं काही खरं नाही," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून चार शब्द ऐकवले. मी मान खाली घालून ऐकून घेतले.

आता हेच रोजचं झालंय. फिजिओथेरपीच्या खेपा चालू आहेत, पाठ थोडी सैल आहे. पण उठायला त्यांना पूर्वीपेक्षा वेळ लागतो. टर्बोला मिनिट पुरतं. बायकोला दारात यायला कधी चार लागतात, कधी सहा. शेजारचे विचारतात, गाडीत काय बिघाड आहे? मी म्हणतो, जुनी झाली, हळूहळू निवते. आणि दार उघडेपर्यंत डिझेल जाळत बसून राहतो.