थंडीतला वाचन सप्ताह

आमच्या शाळेतले शिपाईमामा कुलूप लावलं की दोनदा ओढून बघतात आणि बोलण्याआधी ‘न्हाई म्हंजे’ म्हणून थांबतात. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. वाचनालयाच्या वर्षभराच्या उपक्रमांचा तक्ता मी भिंतीवर लावला, तेव्हाही ते ‘न्हाई म्हंजे, सर’ म्हणाले. मी त्यांना चहा आणायला पाठवलं.

दिवाळीनंतर कपाटातली गोष्टींची पुस्तकं गायब दिसली. मी सगळ्यांदेखत मामांना झापलं.

“न्हाई म्हंजे, सर, तुमचा वाचन सप्ताह थंडीत हाय. निम्मी पोरं तवा आई-बापासंगं ऊसतोडीला असत्यात. म्हनून त्यांच्या पेट्यांत पुस्तकं घालून दिली.”

सहा वर्षं मी या शाळेत आहे. दर थंडीत त्या पोरांची गैरहजेरी मीच लावतो.