सातव्या पायाची हळद

२०२२ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सत्तावीस वर्षं लॅबचा शिपाई होतो, शिक्षण चौथी. रिटायर झाल्यावरही दर दसऱ्याला लॅबमधल्या जुन्या मायक्रोप्रोसेसर किटांची पूजा मीच करायचो. तो मान मी कोणाला दिला नाही. त्या वर्षी श्रावणात बायको गेली. दसऱ्याला तिचाच हळदीकुंकवाचा करंडा घेऊन गेलो. रडू आलं नाही. करायची म्हणून पूजा केली.

दिवाळीनंतर लॅबच्या मॅडमनी बोलावलं. एक किट बंद पडलं होतं, डिस्प्ले कोरा. लॅबमध्ये आता झाडपूस करायला कंत्राटावर एक बाई होती, अकोल्याकडची. विभागप्रमुख साहेबांसमोरच मी बोललो, "ही ओल्या फडक्यानं पुसते. पाणी गेलं आत."

"मी कोरडंच पुसतो, बाबाजी," ती म्हणाली.

"मले नको शिकवू. तू आली कालपरवा."

तीन दिवसांनी कळलं, तिला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माझ्या शब्दावर. ऐकलं आणि चहा पीत बसलो. आत काही हाललं नाही.

मग लॅबमध्ये गेलो, तर मॅडम किट भंगारात टाकायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "मेमरीच गेली असेल, काका."

"मेमरी शाबूत आहे. तिले कोणी विचारूनच नाही राहिलं," म्हटलं आणि हट्टानं स्टुलावर बसलो.

बाई झाडत होती. "आले का बाबाजी? आता कोनावर ढकलता?"

मी किट पुढं ओढलं.

या किटात प्रोसेसर स्वतः मेमरीला वाचायचा हुकूम देत नाही. तो तीन तारांवर नुसती खूण करतो. शेजारची वीस पायांची चिप, बस कंट्रोलर, ती खूण ओळखते. आधी मेमरीतल्या जागेचा पत्ता धरून ठेवायला लावते. मग वाचायची तार, जिच्यावर विजेचा दाब एरवी वर असतो, ती खाली ओढते. तार खाली आली की मेमरी आपल्याजवळचं पुढं करते, आणि ते प्रोसेसरकडे जायचं दार हीच चिप उघडते. काम झालं की तार परत वर. हे मी पुस्तकात वाचलं नाही. लॅबच्या जुन्या सरांच्या मागं उभा राहून पाहिलं.

वाचायची तार चिपच्या सातव्या पायापासून निघते, त्या पायाला दिव्याचा प्रोब लावला. दिवा लुकलुकला. मेमरीपाशी लावला, तर काही नाही. हुकूम निघत होता, पोचत नव्हता.

चिप उचकून काढली. सॉकेटमधल्या सातव्या खाचेत हिरवट थर, त्यावर सुकलेली हळद, कुंकू. पाण्यात कालवलेलं. हुकूम या चिपचा चालतो म्हणून दर वर्षी टिळा मी तिलाच लावायचो.

खाच घासली, चिप बसवली. डिस्प्ले पेटला.

"काय होतं, काका?"

"कचरा," म्हटलं.

बाई तिथंच होती. मी चप्पल घालून घरी आलो. करंडा फळीवर होता. बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. काही वाटलं नाही. लॅबमधल्या बाईचं नाव मात्र आपल्या तोंडानं कचरा करून आलो, एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज उघडल्याबरोबर साहेबांच्या दाराशी उभा राहिलो. बाईलाही थांबवलं. साहेब आले तसं म्हटलं, "हिचा दोष नाही. हळद माह्या हातची होती." साहेब म्हणाले, राहू द्या तिला. मग तिच्याकडून कोरडं फडकं मागून घेतलं आणि बाकीच्या किटांच्या चिपा काढायला बसलो.